शंभर वर्षांपूर्वीची शेत-लिलावाची जाहिरात कशी वाचायची: आयोवाच्या जुन्या पेपरांवरून सविस्तर गाईड

मी मूळचा सांगली जिल्ह्यातला, घरी शेती, लहानपणी आजोबांचं बोट धरून बैलबाजार भरपूर फिरलोय. नोकरीमुळे अमेरिकेत आयोवा राज्यात आलो आणि इथल्या एका छोट्या गावच्या लायब्ररीत १९१२ सालचा तिथलाच साप्ताहिक पेपर मायक्रोफिल्मवर बघायला मिळाला. बातम्या वाचायला बसलो होतो, पण अडकलो ते जाहिरातींत. पानभर ठळक टाइपात 'पब्लिक सेल' असं छापलेलं आणि खाली घोडे, गाई, डुकरं, नांगर, कडबा, शेगडी, पलंग असं एका घरातलं सगळंच्या सगळं लिहिलेलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शेतकरी शेती सोडणार असला, दुसऱ्या शेतावर किंवा दुसऱ्या राज्यात जाणार असला, किंवा घरचा कर्ता माणूस गेला, की घरातलं आणि गोठ्यातलं सगळं अंगणात मांडून एका दिवसात लिलावात विकायचे. जमीन त्यात बहुतेक वेळा नसायची, फक्त जित्राबं आणि सामान. आठवडाभर आधी पेपरात जाहिरात द्यायची, रंगीत कागदावर मोठी पत्रकं छापून बँकेत, लोहाराच्या दुकानात, धान्याच्या एलेव्हेटरवर (धान्य साठवायच्या उंच कोठारावर), पोस्टात चिकटवायची आणि ठरलेल्या दिवशी सगळा पंचक्रोशीतला माणूस तिथं हजर.

अशा साध्या शेतकऱ्याबद्दल दुसरीकडे लिहिलेलं फारसं सापडत नाही, जन्म-मृत्यूची नोंद आणि जनगणनेतली एक ओळ, संपलं. पण लिलावाच्या जाहिरातीत त्याच्या घोडीचं वय सापडतं! म्हणून मला हे कागद फार मोलाचे वाटतात, आणि ते नीट कसे वाचायचे हे मी जे हळूहळू शिकलो ते इथं सगळं लिहितोय. तुमचं कुणी अमेरिकेत नसलं तरी चालेल, हे घरबसल्या फुकट करता येतं.

पायरी १: पेपर शोधा, आणि महिना बरोबर निवडा

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची 'क्रॉनिकलिंग अमेरिका' नावाची साइट आहे, तिथं हजारो जुने पेपर स्कॅन करून ठेवलेत, पैसे नाहीत, लॉगिन नाही. राज्य निवडा, वर्ष निवडा. याशिवाय बऱ्याच गावांच्या लायब्रऱ्यांनी आपापले पेपर स्वतःच्या साइटवर टाकलेत, गावाचं नाव आणि 'न्यूजपेपर आर्काइव्ह' असं सर्च केलं की सापडतात.

आता महत्त्वाचं. वर्षभराचे अंक उघडत बसू नका. जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारी अखेरपर्यंतचे अंक घ्या. कारण आयोवा-इलिनॉयकडे खंडाच्या शेतीचा करार १ मार्चला संपायचा, म्हणजे आपल्याकडे पाडव्याला सालगडी बदलायचा तसं, फक्त इथं अख्खं कुटुंब घर बदलायचं. १ मार्चला नव्या शेतावर पोचायचं म्हणजे त्याआधी नको ते विकून मोकळं व्हायला हवं. आणि दुसरं कारण रस्त्याचं. फेब्रुवारीत जमीन गोठून दगड झालेली असते, गाड्या चालतात. मार्चमध्ये बर्फ वितळलं की मातीच्या रस्त्यावर चाकं आसापर्यंत रुतायची, मग लिलावाला येणार कोण.

सर्च करताना माणसाच्या नावाने सुरुवात करू नका. ही पानं कॉम्प्युटरने वाचून टेक्स्ट केलेली असतात आणि जुना पुसट टाइप असल्यामुळे नावांचं वाट्टेल ते होतं. 'पब्लिक सेल', 'क्लोजिंग आउट सेल', 'हेड ऑफ हॉर्सेस' असे शब्द टाका, ते बऱ्यापैकी सापडतात. पण खरं सांगू, सगळ्यात चांगलं म्हणजे पानं एकेक करून डोळ्यांनी बघणं. आठ पानी साप्ताहिक, सहा आठवडे, म्हणजे ४८ पानं, एका संध्याकाळचं काम आहे आणि त्यात आजूबाजूच्या जाहिरातीही दिसतात, त्या पुढं लागणार आहेत.

पायरी २: पान गावातलं आहे की बाहेरून छापून आलंय ते ओळखा

इथं नवखा माणूस हमखास चुकतो, मीही चुकलो होतो. गावचा पेपर म्हणजे सगळा गावात छापलेला असं आपण धरून चालतो, पण तसं नसायचं. त्या काळी छोट्या पेपरवाल्यांना एका बाजूने आधीच छापलेले कागद विकत मिळायचे, त्याला 'रेडीप्रिंट' किंवा 'पेटंट इनसाइड' म्हणायचे. वेस्टर्न न्यूजपेपर युनियन ही यातली सगळ्यात मोठी कंपनी, ओमाहाचा जॉर्ज जोस्लिन तिचा मालक. त्या छापील बाजूवर देशभराच्या बातम्या, गोष्टी, विनोद आणि औषधांच्या जाहिराती, डोन्स किडनी पिल्स, लिडिया पिंकहॅमचं बायकांचं औषध वगैरे. रिकामी बाजू गावचा संपादक स्वतः छापायचा.

म्हणजे त्या औषधाच्या जाहिरातीवरून 'या गावातल्या लोकांना किडनीचा त्रास फार होता' असा निष्कर्ष काढायचा नाही, तेच पान शेकडो गावांत गेलेलं असायचं. ओळखायचं कसं, तर टाइप वेगळा दिसतो, चित्रं चांगली असतात, आणि त्या पानावर गावाचं नाव कुठंच येत नाही. लिलावाच्या जाहिराती कायम गावात छापलेल्या पानावर.

दुसरी एक खूण. 'गावगप्पा' टाइपच्या रकान्यात बातम्यांमध्येच मिसळून 'अमक्याच्या दुकानात नवे खोगीर आलेत, बघून जा' अशा एका-एका ओळी दिसतात. त्या पैसे घेऊन छापलेल्या असायच्या. १९१२ साली अमेरिकेत कायदा झाला की पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर 'जाहिरात' असं लिहिलंच पाहिजे, नाहीतर दंड होईल. त्यामुळे १९१२ नंतरच्या अंकांत अशा ओळीच्या शेवटी 'अ‍ॅडव्ह.' असं बारीक अक्षरात सापडतं. त्याआधीच्या अंकांत ते तुम्हालाच ओळखावं लागतं.

पायरी ३: जाहिरात ओळीओळीने फोडा

समजण्यासाठी एक नमुना देतो. ही कुठली एक खरी जाहिरात नाही, अनेक जाहिराती वाचून त्यांच्या ठरलेल्या साच्यावर मी तयार केलेली आहे, मराठीत.

"जाहीर लिलाव. शेती सोडून उत्तर डकोटात जात असल्यामुळे खालील मालमत्ता गावाच्या उत्तरेस ३ मैल व पूर्वेस दीड मैल असलेल्या शेतावर मंगळवार, २० फेब्रुवारी १९१२ रोजी सकाळी बरोबर १० वाजता लिलावाने विकणार आहे. घोडे ७: एक कुमैत घोडी, वय ९, वजन १४००, गाभण. एक घोडा, स्मूद माउथ, वजन १२००. एक शिंगरू, कमिंग थ्री. गाई ८, पैकी ३ ताज्या व्यालेल्या. गाभण डुकरिणी १५, ड्युरॉक जर्सी जातीच्या. अवजारं: डीअरिंग बाइंडर (पीक कापून पेंढ्या बांधणारं यंत्र), दोन फाळी नांगर, मका पेरणी यंत्र ८० रॉड तारेसह, क्रीम सेपरेटर. कडबा, ४ टन गवत. घरसामान. दुपारी जेवण मोफत, कप आपापला आणावा. अटी: १० डॉलरपर्यंत रोख, त्यावर १० महिन्यांची उधारी, मान्य नोटेवर, ८ टक्के व्याज. रोखीला २ टक्के सूट. हिशोब मिटल्याशिवाय माल हलवू नये."

आता यातली प्रत्येक गोष्ट काहीतरी सांगते.

आधी कारण बघा. 'उत्तर डकोटात जातोय', 'कॅनडाला जातोय', 'मिनेसोटात जमीन घेतली' अशी कारणं त्या वर्षांत ढीगभर दिसतील. १९०० ते १९१० या दहा वर्षांत आयोवाची लोकसंख्या २२,३१,८५३ वरून २२,२४,७७१ वर आली, आणि अख्ख्या अमेरिकेत त्या दशकात लोकसंख्या घटलेलं हे एकमेव राज्य. जमीन सोन्यासारखी पण भाव न परवडणारे, खंडाने करणाऱ्याला स्वतःची जमीन घेणं अशक्य होत चाललं होतं, म्हणून पोरंबाळं घेऊन उत्तरेला-पश्चिमेला स्वस्त जमिनीकडे निघाले लोक. जनगणनेतला तो सात हजारांचा आकडा एरवी डोळ्याखालून निघून जातो. या जाहिराती एकापाठोपाठ एक वाचल्या की त्यातलं एकेक घर उठताना दिसतं.

आता जनावरं, यावर मी जास्त वेळ घालवतो आणि तुम्हीही घाला. ज्याने बैलबाजार बघितलाय त्याला हे लगेच कळेल. आपल्याकडे बैलाचं वय दातावरून सांगतात, आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, मग जुळला. घोड्याचंही तसंच, दातावरच्या खाचा झिजत जातात आणि एका वयानंतर दात सपाट होतो, मग वय सांगता येत नाही, त्याला हे लोक 'स्मूद माउथ' म्हणायचे. म्हणजे जाहिरातीत जिथं वयाऐवजी हा शब्द आला तिथं समजायचं की घोडा म्हातारा आहे, आणि मालकाने ते न लपवता सांगितलंय. 'कमिंग थ्री' म्हणजे अजून तीन पूर्ण नाहीत, लवकरच तीन वर्षांचं होणार. वजन पौंडात असतं, १४०० पौंड म्हणजे साधारण ६३५ किलो, ती कामाची घोडी. हजाराच्या आसपास वजन असेल तर बग्गीचा घोडा.

घोडे मोजा. १६० एकराच्या मक्याच्या शेताला सहा-आठ कामाचे घोडे लागायचे, तर सात घोडे असले की शेत केवढं असेल याचा अंदाज येतो. जाहिरातीत एकर लिहिलेले नसले तरी.

आणि ती ८० रॉड तार. मला ही ओळ कितीतरी दिवस कळली नव्हती, मग एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने समजावून सांगितली. मका चौफुलीवर पेरायचा, म्हणजे उभी-आडवी दोन्हीकडून कोळपणी करता यावी, त्यासाठी शेताच्या एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत ठराविक अंतरावर गाठी असलेली तार ताणायची, पेरणी यंत्र त्या तारेवरून चाललं की प्रत्येक गाठीला दाणे पडायचे. आपल्याकडे दोरीला खुणा करून टोकण करतात तोच हिशोब. आता ३२० रॉडचा एक मैल, म्हणजे ८० रॉड म्हणजे पाव मैल, आणि पाव मैल लांब आणि पाव मैल रुंद म्हणजे बरोबर ४० एकर. म्हणजे या माणसाचा मक्याचा तुकडा पाव मैल लांबीचा असावा हे एका तारेवरून कळतं. अशी गोष्ट सापडली की माझा तो दिवस चांगला जातो.

अवजारांच्या ब्रँडवरून काळही कळतो. मॅककॉर्मिक आणि डीअरिंग या दोन कंपन्या आणि आणखी काही १९०२ साली एकत्र होऊन इंटरनॅशनल हार्वेस्टर झाली. ट्रॅक्टर मात्र १९१८ च्या आधी लिलावाच्या यादीत क्वचित दिसेल, त्या सुमाराला हेन्री फोर्डचा फोर्डसन आला आणि जॉन डीअरने १९१८ साली आयोवातल्याच वॉटरलू गावची इंजिन कंपनी विकत घेऊन ट्रॅक्टरमध्ये पाय ठेवला. (आपल्याकडे त्याच पिढीत, १९०३ साली, लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आला हे मनात ठेवलं की दोन्हीकडचा काळ शेजारी-शेजारी बसतो.) क्रीम सेपरेटर दिसला की समजायचं दुधातून मलई काढून क्रीमरीला (लोणी बनवणाऱ्या डेअरीला) घालत होते, घरात आठवड्याला थोडा रोख पैसा येत होता.

घरसामान वाचताना काय नाही हेही बघा. जवळच्याच गावात जाणारा माणूस पलंग आणि शेगडी विकत नाही. पलंग, पाळणा, शेगडी सगळंच यादीत आलं तर तो लांब निघालाय. आणि लांब जाऊनही चार घोडे, एक नांगर आणि गाडी ठेवलेली असेल तर तो बहुतेक रेल्वेचा अख्खा डबा भाड्याने घेऊन एका बाजूला जनावरं, एका बाजूला सामान असा जाणार, तेव्हा रेल्वेकडे अशा स्थलांतरितांसाठी वेगळे दर असायचे.

पायरी ४: अटी वाचा, खरी गंमत तिथं आहे

बहुतेक लोक अटींचा बारीक टाइप सोडून देतात. तसं करू नका.

आकडा मांडून बघू. समजा ती कुमैत घोडी १३५ डॉलरला गेली. १० महिन्यांच्या उधारीवर ८ टक्क्यांनी व्याज ९ डॉलर, म्हणजे डिसेंबरात १४४ द्यायचे. रोख दिले तर २ टक्के सूट, म्हणजे १३२ डॉलर ३० सेंट. फरक ११ डॉलर ७० सेंटचा. तरीही लोक उधारी घ्यायचे, कारण फेब्रुवारीत शेतकऱ्याकडे रोकड नसते, मका निघून विकला की डिसेंबरात असते. दहा महिनेच का, याचं उत्तर हे आहे. हंगामानंतर फेडायची बोली आपल्या बाजारातही कुणाला सांगावी लागत नाही.

'मान्य नोट' म्हणजे वचनचिठ्ठी, सही करून द्यायची, आणि विकणाऱ्याला पटेल असा जामीन पाहिजे. लिलावाचा कारकून बहुतेक गावच्या बँकेचा कॅशियर असायचा, तो अंगणात टेबल टाकून बसायचा, कोणी काय किती घेतलं लिहायचा, आणि संध्याकाळी पुष्कळदा बँकच त्या नोटा थोड्या कमी किमतीला विकत घ्यायची. म्हणजे डकोटाला जाणाऱ्या माणसाच्या हातात पैसे आणि वसुलीची जबाबदारी बँकेकडे. हे कळलं की जाहिरातीच्या तळाशी बँकेच्या माणसाचं नाव का असतं ते कळतं, आणि त्याच पानावर त्याच बँकेची वेगळी जाहिरात का असते तेही.

लिलाव पुकारणाऱ्याच्या नावाआधी 'कर्नल' लिहिलेलं दिसेल. तो लष्करात होता असं समजू नका. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर लष्कराचा उरलेला माल कर्नल लोक लिलावात काढायचे म्हणून हा मान पडला असं सांगतात. १९०५ पासून मिसुरी राज्यात लिलाव पुकारायला शिकवणारी शाळाही होती, आवाज कसा टिकवायचा, आकडे कसे भराभर म्हणायचे याचं शिक्षण. आपल्याकडे बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो, शेजारच्याला कळत नाही, आणि इथं सगळं उघड्यावर ओरडून. मला दोन्ही बघायला मिळालं, कारण इथं असे लिलाव आजही होतात, आणि उघड बोलीत एक गोष्ट असते की शेजाऱ्याची ऐपत आणि अडचण दोन्ही सगळ्या गावाला दिसते.

जेवणाची ओळही बघा. 'लेडीज एड' लिहिलं असेल तर चर्चच्या बायकांचं मंडळ सँडविच, डोनट आणि कॉफी विकून चर्चसाठी पैसे जमवतंय. 'मोफत जेवण' असेल तर मालक घालतोय, कारण पोट भरलेलं गिऱ्हाईक दुपारच्या थंडीत थांबतं आणि बोली वाढते.

पायरी ५: शेत नकाशावर शोधा

'उत्तरेला ३ मैल, पूर्वेला दीड मैल' हे अंदाजे नसतं. १७८५ च्या कायद्याने इकडची जमीन बुद्धिबळाच्या पटासारखी मोजलेली आहे, एक चौरस मैलाचा एक सेक्शन, ६४० एकर, असे ३६ सेक्शन मिळून एक टाउनशिप, आणि सेक्शनच्या रेषांवरूनच रस्ते. त्यामुळे गुगल मॅप्सवर गावाच्या मध्यापासून मोजत जा, अगदी त्या कोपऱ्यावर पोचता. मग त्या काउंटीचा (म्हणजे जिल्ह्याचा) जुना प्लॅट नकाशा उघडा, त्यात प्रत्येक तुकड्यावर मालकाचं नाव असतं.

आणि इथं गोंधळ होतो. नकाशावर नाव एक आणि जाहिरातीत दुसरंच. घाबरू नका, पत्ता चुकलेला नाही. नकाशावर मालक असतो, लिलाव करणारा खंडकरी असतो. १९२० पर्यंत आयोवातले दहातले चार शेतकरी दुसऱ्याची जमीन कसत होते. खात्री करायची तर फॅमिलीसर्च या फुकट साइटवर १९१० ची जनगणना बघा, त्यात शेत स्वतःचं की भाड्याचं हा रकानाच आहे. आयोवाने १९१५ साली स्वतःची वेगळी जनगणना केली होती, त्यात माणसाची वर्षाची कमाई पण लिहिलेली सापडते.

पायरी ६: लिलाव राजीखुशीचा की सक्तीचा

'पब्लिक सेल' म्हणजे मालकाने स्वतः काढलेला. 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स सेल' म्हणजे माणूस वारला, कोर्टाने नेमलेला माणूस विकतोय. 'शेरिफ्स सेल' म्हणजे कर्ज थकलं, कोर्टाच्या दारात जमिनीचा लिलाव, ही जाहिरात कायद्याच्या भाषेत, बारीक टाइपात, चित्र नाही, जेवण नाही. आयोवात अशी जमीन लिलावात गेल्यावरही पैसे भरून सोडवून घ्यायला एक वर्षाची मुदत असायची, म्हणून शेरिफच्या लिलावाची जाहिरात दिसली की लगेच 'शेत गेलं' असं लिहू नका, पुढच्या वर्षाचे अंक आणि नकाशा बघा.

नवरा गेल्यावर बाईने काढलेला लिलाव असेल तर जाहिरातीत तिचं स्वतःचं नाव बरेचदा नसतं, मिसेस आणि पुढं नवऱ्याचं नाव. तिचं नाव शोधायला जनगणनाच लागते. मी अशी सापडलेली प्रत्येक बाई तिच्या नावाने नोंदवतो, तुम्हीही नोंदवा.

पायरी ७: पुढचा अंक उघडा

जाहिरात म्हणजे विकणाऱ्याचं म्हणणं. झालं काय ते पुढच्या आठवड्याच्या गावगप्पांत एक-दोन ओळीत येतं, एकूण किती जमले, घोड्यांच्या जोडीला काय भाव आला, हवा कशी होती, गर्दी किती. काही पेपर लिलावांच्या तारखांची यादीही फुकट छापायचे, ज्यांनी पत्रकं त्यांच्याच छापखान्यात छापली त्यांच्यासाठी. ती यादी मिळाली तर सोनं, कारण एका सीझनला गावात किती घरं उठली ते तिथं मोजता येतं.

पत्रक आणि पेपरशिवाय बातमी फोनवरूनही पसरायची. एका लाइनवर दहा-पंधरा घरं, एक लांब घंटा वाजली की सगळ्यांनी उचलायचं आणि एक्स्चेंजवाली बाई सूचना सांगायची, गावाला दवंडी पिटतात तशीच. १९२० ला आयोवातल्या ८० टक्क्यांहून जास्त शेतांवर फोन होता, हे वाचून मी थक्क झालो होतो.

पायरी ८: एकच वर्ष वाचू नका

एकाच गावाचा पेपर पाच-पाच वर्षं सोडून वाचा. १ जानेवारी १९१३ ला पार्सल पोस्ट सुरू झालं आणि शिकागोच्या कॅटलॉग कंपन्यांचा माल थेट शेतावर यायला लागला. त्याच्या आगेमागे गावच्या दुकानदारांच्या जाहिरातींत 'पैसा गावातच खर्च करा' हा सूर वाढलेला दिसेल.

१९१८ चे अंक नक्की बघा, तेव्हा पहिल्या महायुद्धात अमेरिका जर्मनीविरुद्ध लढत होती. २३ मे १९१८ ला आयोवाच्या गव्हर्नर हार्डिंगने सार्वजनिक ठिकाणी, शाळेत, अगदी फोनवरसुद्धा इंग्रजीशिवाय दुसरी भाषा बोलायला बंदी घातली. जर्मन वस्तीच्या गावांत जर्मन भाषेतल्या जाहिराती होत्या त्या गायब झाल्या. त्याच वर्षी रेड क्रॉसचे लिलाव दिसतात, लोक कोंबडा, डुक्कर, मक्याचं पोतं दान द्यायचे, आणि घेणारा ते परत लिलावाला ठेवायचा, एकच कोंबडा पुन्हा-पुन्हा विकला जायचा. जर्मन आडनावाची माणसं अशा लिलावात मोठी बोली लावताना दिसली तर आधी मेचा तो हुकूम आठवा आणि मग वाचा. मला ते वाचताना फार वाईट वाटतं.

मग १९२१. युद्धात भाव चढले, लोकांनी कर्ज काढून जमिनी घेतल्या, आणि १९१९ ते १९२१ मध्ये मक्याचा भाव साधारण एक-तृतीयांशावर आला. जाहिरातीतली कारणं बदलतात, 'डकोटाला जातोय' कमी होतं आणि कारणच न देणाऱ्या जाहिराती वाढतात. शेवटी १९३२-३३, तेव्हा सक्तीच्या लिलावात शेजारी एकत्र येऊन घोडा काही सेंटला, नांगर एका सेंटला अशा बोल्या लावायचे, बाहेरच्याला बोलू द्यायचे नाहीत, आणि सगळं मूळ मालकाला परत द्यायचे. 'पेनी ऑक्शन' म्हणतात त्याला. जाहिरातीत यातलं काहीच दिसत नाही, ती नेहमीसारखीच छापलेली असते, म्हणून पायरी ७ विसरू नका.

पायरी ९: नोंद

साधी एक्सेल शीट करा. पेपरचं नाव, अंकाची तारीख, पान, लिलावाचा प्रकार, दिलेलं कारण, ठिकाण, घोडे, गाई, डुकरं, अवजारं, उधारीचे महिने, व्याज, बँक, पुकारणारा, निकाल. एका लिलावाला एक ओळ. कारण मूळ शब्दांतच लिहा, आपल्या शब्दांत नको, कारण नंतर मोजताना त्याच शब्दांचा उपयोग होतो. पानाचा फोटो सेव्ह करा आणि लिंक त्याच ओळीत टाका. पन्नास ओळी झाल्या की गाव ओळखीचं वाटायला लागतं, कोण कुणाला जामीन राहिला, कुठली बँक कुठल्या टोकाच्या शेतकऱ्यांची.

आणि आपल्याकडच्यांसाठी, नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून मुकुंदराव पाटलांनी १९१० पासून 'दीनमित्र' साप्ताहिक चालवलं, म्हणजे खेड्यातून निघणारा पेपर आपल्याकडेही त्याच वर्षांत होता. असा कुठलाही जुना अंक हाताला लागला तर शेवटच्या पानापासून उघडा, जाहिराती आणि जाहीर नोटिशींपासून, आणि पहिली शीट त्याच गावाची करा. सुरुवातीला दहा ओळी पुरे.